मास्टर लोकांच्या डावांचे व्हिडिओ बघून बुद्धिबळ कसं शिकायचं, पॉज बटणापासून सुरुवात

दोन वर्षं मी रोज रात्री जेवण झालं की खाटेवर आडवा होऊन मोबाईलवर बुद्धिबळाचे व्हिडिओ बघत होतो. फिशर, ताल, कास्पारोव, कार्लसन, सगळे बघून झाले, कुणी कोणत्या चालीला वजीर दिला हे तोंडपाठ, आणि एवढं करून एका ओपन स्पर्धेत गेलो तर चौथीतल्या लेकरानं मला बावीस चालीत झोपवलं. ते लेकरू चाल खेळून आईकडं पाणी प्यायला पळायचं, परत येऊन उभ्या उभ्याच पुढची चाल खेळायचं आणि मी आपला घाम पुसत बसलेलो. येताना एसटीत डोक्यात एकच, की एवढे व्हिडिओ बघितले ते गेले कुठं?

मग हळूहळू कळलं. अकरावी-बारावीला मी लातूरला होतो, तिथं सर शिकवताना मान हलवणारे आम्ही सगळेच होतो पण मार्क पडायचे ते पेपर सोडवून सोडवून. आधी आपलं उत्तर लिहायचं, मग टॅली करायचं, चुकलं ते परत सोडवायचं. व्हिडिओच्या बाबतीत मी नुसता मान हलवत होतो. खाटेवर पडून कॅप्टनकी म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. गेल्या दीड वर्षात पद्धत बदलली, एका आठवड्याला एकच डाव घेतो, आणि फरक दिसतोय म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

हे कुणासाठी आहे ते आधी सांगतो. ज्याला नियम येतात, ऑनलाईन दहा मिनिटांचे डाव खेळतो, रेटिंग आठशे ते पंधराशेच्या मधे कुठंतरी लटकलंय, त्याच्यासाठी. अजून घोडा अडीच घरं म्हणजे नेमका कुठं पडतो यात गोंधळ होत असेल तर एक महिना लिचेस नावाच्या बुद्धिबळाच्या साईटवर कोडी सोडवा, फुकट आहेत आणि कितीही सोडवा. आणखी एक, गावाकडं पारावर शिकला असाल तर नियम एकदा तपासून घ्या. आमचे आबा देशी पद्धतीनं खेळायचे, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, किल्लेकोट म्हणजे राजा-हत्ती एकाच चालीत हलवणं नाही, पण राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. मी पहिल्यांदा प्यादं दोन घरं सरकवलं तर आबा म्हणले, "ही काय पळवापळवी लावली रे?" तो खेळ पण भारी होता, फक्त व्हिडिओतले डाव त्या नियमानं नाहीत.

सामान काय लागतं

खरा पट लागतोच लागतो. गुंडाळून ठेवता येतो तो रेक्झिनचा आणि प्लास्टिकच्या सोंगट्या, मला साडेतीनशेला पडला. काही लोक म्हणतील स्क्रीनवरच सगळं होतं मग पट कशाला, तर एक म्हणजे स्पर्धेत समोर खरा पटच असतो, मोबाईलवर वरून सपाट बघायची सवय लागलेल्या डोळ्याला तिथं लांबून येणारा उंट दिसतच नाही, माझं त्या लेकरासमोर हेच झालतं. आणि दुसरं, हातानं सोंगटी उचलून ठेवली की चाल डोक्यात जास्त टिकते, निदान माझ्या तरी.

एक वही. माझं परभणीला खत-बियाणांचं दुकान आहे त्यामुळं उधारीच्या लांबड्या वह्या पडलेल्याच असतात, त्यातलीच एक घेतली. तीन रकाने पाडायचे, माझी चाल, मास्टरची चाल, आणि तिसऱ्यात फरक का पडला ते एका ओळीत. तिसरा रकाना आपल्या भाषेत लिहा, "उंट कोपऱ्यात मेला" असं लिहिलं तरी चालतं, दुसऱ्याला दाखवायचं नाहीये.

लिचेसवर अकाउंट काढा, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. त्यात स्टडी म्हणून एक सोय आहे, डावाची पीजीएन फाईल, म्हणजे चालींची यादी, तिथं चिकटवली की पूर्ण डाव पुढं-मागं करून बघता येतो आणि प्रत्येक चालीला टीप लिहिता येते. पीजीएन बऱ्याचदा व्हिडिओखालच्या माहितीत दिलेली असते.

आता सगळ्यात कामाची वस्तू, कागदाची पट्टी. व्हिडिओत पटाच्या बाजूला ती काळी-पांढरी उभी पट्टी असते ना, इंजिनचं, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमचं, मत दाखवणारी, ती झाकायची. मी बियाण्याच्या पिशवीचं लेबल कापून मोबाईलच्या कडेला चिकटवलंय. ती पट्टी दिसत राहिली की आपण पट बघतच नाही, पट्टी वर गेली की "अरे वा" आणि खाली आली की "अरेरे", क्रिकेटचा स्कोअर बघितल्यासारखं.

लाईटचं काय सांगायचं, आमच्याकडं कधी जाईल भरवसा नाही आणि लाईट गेली की वायफायही गेलं, म्हणून आठवड्याचा डाव आधीच ऑफलाईन डाउनलोड करून ठेवतो. ऑटोप्ले बंद करा. हे नाही केलं तर एक डाव संपला की दुसरा आपोआप लागतो आणि रात्रीचे साडेबारा होतात, अनुभवावरून सांगतोय.

डाव कोणता घ्यायचा

सुरुवातीला जुने डाव घ्या. आजच्या मास्टरांचे डाव एवढे घट्ट असतात की चूक कुठं झाली ते सांगायलाच अर्धा तास लागतो. जुन्या डावात एक जण भारी आणि दुसरा आपल्यासारखा, त्यामुळं चुकीला शिक्षा कशी द्यायची ते डोळ्यासमोर दिसतं. व्हिडिओ पंधरा ते पंचवीस मिनिटांचा बरा, सांगणारा "इथं असं का नाही खेळला" हे दाखवणारा पाहिजे. चॅनेल बरेच आहेत, चेसबेस इंडियावर हिंदी-इंग्रजी दोन्ही मिळतं, सेंट लुईस चेस क्लबची लेक्चर्स शांतपणे शिकवलेली असतात, क्रोएशियाचा अगदमाटर जुन्या डावांच्या गोष्टी छान सांगतो. इंग्रजी फास्ट वाटली तर स्पीड पाऊण करा, लाजायचं कारण नाही.

"आठ चालीत मात" छापाचे ट्रॅपचे व्हिडिओ मात्र बाजूला ठेवा. आमच्या पुतण्याला त्याचा नाद लागला होता, समोरच्यानं नेमकी चुकीची चाल खेळली तर हा जिंकायचा, नाही खेळली तर नवव्या चालीला याच्याकडं खेळायला काहीच नसायचं.

पहिली बैठक, अंदाज

आधी पूर्ण व्हिडिओ बघून घ्यायचा मोह होतो, तो आवरा. डाव कोरा पाहिजे. पटावर मांडणी करा, जिंकणाऱ्याच्या बाजूनं बसा, पहिल्या सहा-सात चाली व्हिडिओबरोबर खेळत जा आणि तिथून पुढं जिंकणाऱ्याची प्रत्येक चाल यायच्या आधी पॉज.

प्रत्येक म्हणजे प्रत्येक. अगदमाटर ऐन मोक्याच्या चालीला व्हिडिओ थांबवा आणि चाल शोधा म्हणतो, ते चांगलंच आहे, पण तो थांबा म्हणला की आपल्याला कळतंच ना की इथं काहीतरी मोठं आहे, मग आपण वजीर फेकायची जागा शोधायला लागतो. खऱ्या डावात कुणी येऊन कानात सांगत नाही की आता विचार कर. साधी चाल ओळखणं हे वजीर देण्यापेक्षा अवघड आहे, मला तरी अजून अवघड जातं.

थांबल्यावर काय बघायचं? समोरच्याच्या शेवटच्या चालीनं काय बदललं, आता तो कुठं मारणार. मग शह, मारामारी, धमकी या क्रमानं आपल्या चाली. यातलं काही नसेल तर आपला कोणता मोहरा घरात बसून राहिलाय, त्याला कामाला लावायचं. साध्या चालीला दोन मिनिटं, गुंत्याच्या ठिकाणी पाच. मग वहीत लिहायचं, लिहिल्याशिवाय प्ले दाबायचं नाही. "मला पण हीच सुचली होती" हे चाल बघितल्यावर सगळेच म्हणतात, वरातीमागून घोडं.

एक डाव उघडून दाखवतो

१८५८ चा पॅरिसमधला पॉल मॉर्फी या अमेरिकन मास्टरचा डाव घ्या, ऑपेराच्या बॉक्समध्ये बसून खेळलेला, समोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इसुआर दोघं मिळून. फक्त सतरा चाली. मी आमच्या पुतणीला, सातवीत आहे, पहिला हाच डाव दिला.

घरांची नावं अशी, उभ्या रांगा ए ते एच आणि आडव्या एक ते आठ. सुरुवात, पांढऱ्याचं प्यादं ई४, काळ्याचं ई५, पांढऱ्याचा घोडा एफ३, काळ्याचं डी६, पांढऱ्याचं डी४, काळ्याचा उंट जी४. मग पांढरा ई५ चं प्यादं मारतो, काळा उंटानं घोडा मारतो, वजीर तो उंट मारतो, काळं प्यादं ई५ परत घेतं. पांढऱ्याचा उंट सी४ ला येतो, एफ७ वर मात करायची धमकी आहे म्हणून काळा घोडा एफ६ ला आणतो. मॉर्फी वजीर बी३ ला नेतो, काळा वजीर ई७ ला. इथं पॉज.

आठवी चाल. पुतणीनं दोन सेकंदात लिहिलं, वजीरानं बी७ चं प्यादं मारायचं. मी पण पहिल्यांदा हेच लिहिलं होतं. मॉर्फी खेळला घोडा सी३. पटावर करून बघितलं, वजीर बी७ ला गेला की काळा वजीर बी४ ला येऊन शह देतो आणि दोन्ही वजीर जातात. पांढरा प्याद्यानं पुढं राहतो, चाल काही वाईट नाही. पण काळ्याचा राजा मधेच अडकलाय, त्याचे निम्मे मोहरे घरात आहेत, अशा वेळी वजीर काढून दिला की त्याला मोकळा श्वास मिळतो. तिसऱ्या रकान्यात पुतणीनं लिहिलं, "भांडण चालू असताना काठी देऊन टाकू नये". आपल्याला नसतं सुचलं बुवा.

पुढं काळा सी६, पांढरा उंट जी५ ला आणून एफ६ च्या घोड्याला पिन करतो, म्हणजे तो हलला की मागचा वजीर जातो, काळा बी५ खेळून सी४ च्या उंटाला हाकलतो. परत पॉज. उंट हलवायचा असं नव्वद टक्के लोक लिहितील. मॉर्फी घोड्यानं बी५ चं प्यादंच मारतो, काळ्यानं घोडा घेतला की उंट बी५ ला शह, काळा बी८ चा घोडा डी७ ला आडवा घालतो. आता बारावी चाल बघा. डी७ चा घोडा राजासमोर पिन, त्याला राखणारा एफ६ चा घोडा वजीरासमोर पिन, म्हणजे डी७ वर जोर वाढवायचा एवढं कळतं. पुतणी म्हणली, "काका, हत्ती डी१." बरोबरच्या एकदम जवळ. मॉर्फीनं लांबचा किल्लेकोट केला, म्हणजे हत्ती डी१ ला आला आणि राजाही मधून बाजूला झाला, एका चालीच्या भाड्यात दोन सीटा. ही असली चाल वहीत लाल पेननं लिहायची, कारण वजीर देणारी चाल आपल्या डावात वर्षातून एकदा येईल, ही दर आठवड्याला येते.

काळा हत्ती डी८ ला आणतो. तेरावी चाल, हत्तीनं डी७ चा घोडा मारला, काळ्या हत्तीनं तो हत्ती मारला, आणि लगेच दुसरा हत्ती एच१ वरून डी१ ला. पांढऱ्याचा एकही मोहरा रिकामा बसलेला नाही. काळ्याचा एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती डाव संपेपर्यंत घरातून हललेच नाहीत, तो हिशोब पटावर बोट ठेवून मोजा. काळा वजीर ई६ ला सरकवतो, पांढरा उंट डी७ चा हत्ती शह देऊन मारतो, काळा घोडा तो उंट मारतो. शेवटचा पॉज.

इथं पुतणी सात-आठ मिनिटं बसली, मी मधे दोन गिऱ्हाईकं केली. आली तेव्हा म्हणली, "वजीर बी८, पण फुकट जातोय की." मी म्हणलं जाऊ दे, पुढं बघ. घोड्यानं बी८ वर वजीर मारला की डी ची उभी रांग मोकळी, हत्ती डी८, मात. पांढऱ्याकडं राजा आणि प्यादी सोडून फक्त एक हत्ती आणि एक उंट उरलाय, आणि काळा वजीर पटावर उभा राहून बघतोय. तिचं तोंड बघण्यासारखं झालतं.

दुसरी बैठक, दुसऱ्या दिवशी

आता व्हिडिओ सलग ऐका, पण वही उघडी ठेवून. आदल्या दिवशी जिथं आपली चाल चुकली तिथं सांगणारा काय म्हणतो ते नीट ऐका, त्यानं दाखवलेल्या बाजूच्या चाली पटावर खेळून परत मूळ जागेवर या. पहिले काही दिवस मूळ जागा विसरते आणि सोंगट्यांचा काला होतो, म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. आपली चाल सांगणाऱ्यानं काढलीच नसेल तर ती वहीत गोल करून ठेवा, ती इंजिनला विचारायची.

इंजिन कधी

तिसऱ्या दिवशी, त्याच्या आधी नाही. लिचेसवर स्टॉकफिश हे इंजिन चालू करायचं आणि फक्त गोल केलेल्या चाली तपासायच्या. आकडा बघून थांबू नका. इंजिन म्हणालं चाल वाईट, तर समोरच्याची बाजू इंजिनला द्या आणि आपण आपल्या चालीनं पुढं खेळून हरा, मग कळतं वाईट का.

आकडा किती फसवतो याचं उदाहरण म्हणजे १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाची लढत, डिंग लिरेन विरुद्ध गुकेश, चौदावा म्हणजे शेवटचा डाव, साडेसहा-साडेसहा बरोबरी. दोघांकडं एक हत्ती एक उंट, गुकेशकडं एक प्यादं जास्त, इंजिन कधीपासून बरोबरी दाखवत होतं. लाईव्ह बघणाऱ्यांना वाटलं संपलं, जेवायला उठा. पण बरोबरी आकड्यात होती, खेळून ती डिंगला राखायची होती, चार तासांनंतर, घड्याळ चालू असताना. पंचावन्नाव्या चालीला तो हत्ती एफ२ खेळला, गुकेशनं हत्ती मारामारी केली, मग डी५ ला उंट आणून उंटांचीही, कारण डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता, पळायला जागा नाही. राहिले राजे आणि प्यादी, दोनाला एक, अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगनं हात पुढं केला. हा शेवट पट्टी झाकून पटावर मांडा आणि हत्ती पटावर राहिले असते तर गुकेशला जिंकायला काय करावं लागलं असतं ते स्वतः खेळून बघा, एक तास जातो आणि चांगला जातो.

आठवणीतून

चौथ्या-पाचव्या दिवशी मोबाईल आत ठेवून पूर्ण डाव पटावर खेळायचा. अडकला तर जिथं अडकला तिथं ती चाल आपल्याला समजली नव्हती असं खुशाल धरा, पाठांतरापेक्षा हा तपास महत्त्वाचा. मी दुकानात दुपारी करतो, एकदा एक गिऱ्हाईक युरियाचं बिल घेऊन वीस मिनिटं शेजारी उभं राहून बघत होतं आणि शेवटी म्हणलं, "शेठ, एकटेच खेळता अन् हरता पण एकटेच का?"

शनिवार-रविवारी आपले दोन-तीन डाव खेळा, पंधरा मिनिटांचे तरी, तीन मिनिटांचे नको. खेळून झाल्यावर एकच शोधायचं, या आठवड्याच्या डावातली गोष्ट आपल्या डावात कुठं आली होती का. मॉर्फीच्या आठवड्यानंतर मला माझ्याच डावात दिसलं की वीस चाली झाल्या तरी माझा ए१ चा हत्ती हललेला नव्हता. मागचे दहा डाव उघडले, सात डावात तीच रड.

पुढचे डाव

शेवटाच्या खेळासाठी कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोव्हर, न्यूयॉर्क १९२४. पस्तिसाव्या चालीला कापाब्लांका राजा जी३ ला घेऊन निघतो, काळा हत्ती शह देत देत दोन प्यादी खातो आणि हा खुशाल खाऊ देतो, राजा जाऊन एफ६ ला बसतो. तिथं मी सलग तीन वेळा हत्तीनं प्यादं वाचवायलाच गेलोय. काळ्या मोहऱ्यांकडून फिशर, १९५६, डोनाल्ड बर्नविरुद्ध, तेव्हा फिशर तेरा वर्षांचा, सतराव्या चालीला उंट ई६ ला नेऊन वजीर सोडून देतो. हा लगेच घेऊ नका, चार-पाच डाव झाल्यावर घ्या, नाहीतर नुसता अचंबा होतो.

आणि जोडीनं दोन डाव बघायचे तर रोटलेवी विरुद्ध रुबिनस्टाइन १९०७ आणि अरोनियन विरुद्ध आनंद, नेदरलँड्समधल्या वाईक आन झीची स्पर्धा, २०१३. दोन्हीत काळ्याचे दोन उंट पांढऱ्या राजाकडं नेम धरून बसलेत. आनंदनं स्वतःच त्या जुन्या डावाची आठवण काढली होती. शंभर वर्षांपूर्वीचा डाव डोक्यात असला तर तो ऐन टायमाला असा वर येतो.

क्रिकेटसारखे नुसते मजेसाठी व्हिडिओ मी अजूनही बघतो, रविवारी, पट्टी उघडी ठेवून. त्याला शिकण्यात मोजत नाही एवढंच.

आता मृग तोंडावर आलाय, सोयाबीनच्या पिशव्या उतरायला लागल्यात, पुढचा दीड महिना दुकानात मान वर करायला सवड नाही. वही बंद. आनंदचा डाव मात्र खताच्या पोत्यांमागं, कपाटावर, दहाव्या चालीला लावून ठेवलाय, आणि पुतणीला सांगितलंय की सोंगट्यांना हात लावायचा नाही, चाल सुचली तर चिठ्ठीवर लिहून पटाखाली सरकवायची. कालपर्यंत दोन चिठ्ठ्या झाल्यात.